ओट्याची उंची

वयाच्या ५४व्या वर्षी मी इंटिरियर डिझाइनच्या सायंकाळच्या वर्गात नाव घातले. जुन्या वाड्यांची आणि चाळींची माहिती मी बरीच वर्षे हौसेने गोळा करतो आहे. पण घराचा नकाशा समोर आला की तो मला नीट वाचता येत नसे. ही उणीव भरून काढावी, एवढाच हेतू होता. वर्गात बाकी सगळे माझ्या मुलीच्या वयाचे. रंग, पडदे, दिवे यांविषयी शिकवतील अशी माझी समजूत होती. पहिल्याच दिवशी मॅडमनी प्रत्येकाला टेप आणायला लावली आणि सांगितले, “आपापल्या घरातले स्वयंपाकघर मोजून आणा.”

मोजणे सोपे वाटते. मी चारही भिंती मोजल्या, १:२० या प्रमाणात कागदावर काढल्या आणि चौथी भिंत पहिलीला येऊन मिळेना! खोली काटकोनात आहे हे मी गृहीत धरले होते. आयताचे दोन्ही कर्ण सारखे असतात. आमच्या स्वयंपाकघराचे दोन इंचांनी वेगळे निघाले. खोली मोजताना भिंतींबरोबर कर्णही मोजायचे, हा पहिला धडा.

दुसरा धडा सेक्शनचा. नकाशा म्हणजे वरून पाहिलेले घर. त्यात लांबी-रुंदी कळते, उंची कळत नाही. कलिंगड उभे कापून आत पाहावे तसे घर कापून बाजूने पाहिले की झाला सेक्शन. त्यात ओट्याची उंची लिहावी लागली : ३४ इंच. मॅडम म्हणाल्या, “आता ओट्यापाशी उभे असलेले माणूस काढा. मनाने नको, मोजून काढा.”

आमच्याकडे सकाळच्या पोळ्या आई करते. तिची उंची ४ फूट ९ इंच. हात कोपरात दुमडायला सांगून मी जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरली : ३६ इंच. उभ्याने करायच्या हलक्या कामासाठी पृष्ठभाग कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावा, आणि जोर लावायचा असेल तर त्याहूनही खाली, असे अभ्यासात शिकवतात. म्हणजे आईला ओटा हवा ३० ते ३२ इंचांचा. आमच्या ३४ इंचांच्या ओट्यावर दोन इंच उंचीचे पोळपाट ठेवले की लाटण्याची जागा बरोबर कोपराला टेकते. मग जोर हातातून न जाता खांदे वर उचलून द्यावा लागतो. शेगडीची उंची आणि वर कढई धरली, तर ढवळताना हात कोपराच्याही वर जातो.

आई वर्षानुवर्षे ओट्यापुढे पाट ठेवून त्यावर उभी राहते. ती तिची सवय आहे असे मी समजत होतो. खांदेदुखीला आम्ही वय म्हणत होतो. दोन वर्षांपूर्वी त्याच पाटावरून उतरताना तिचा पाय मुरगळला, तेव्हाही मी पाटालाच दोष दिला. आणि ३४ हा आकडा मिस्त्रींना सांगितला होता मीच. शेजाऱ्यांकडे तेवढाच होता म्हणून.

असे आकडे येतात कुठून, याचा मग शोध घेतला. ल कॉर्ब्युझिए या वास्तुरचनाकाराने ‘मॉड्युलर’ नावाची मापपद्धती मांडली. तिचा आधार म्हणजे एक कल्पित पुरुष. आधी त्याची उंची १.७५ मीटर धरली होती, पुढे ती सहा फूट, म्हणजे १.८३ मीटर झाली. त्यासाठी दिलेले एक कारण असे, की इंग्रजी रहस्यकथांतले देखणे पोलीस सहा फुटी असतात! चंडीगडच्या बांधकामांत हीच मापे वापरली गेली. त्याआधी, १९२६ साली, मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन स्त्रीने फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखले. आगगाडीतल्या भटारखान्यावरून तिने जागेची काटकसर घेतली, बाईची पावले मोजली, आणि खिडकीखाली बसून काम करण्याची सोयही ठेवली. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली. आपल्याकडे १९९७ साली अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनने देबकुमार चक्रवर्ती यांचे भारतीय देहमापांचे पुस्तक काढले. आपल्या देहांची मापे उपलब्ध आहेत. ती मिस्त्रीपर्यंत पोहोचत नाहीत, आणि घरमालक ती विचारत नाही.

या शास्त्राचे एक सूत्र मला फार पटले : पोहोच ठरवावी लहान देहावरून, मोकळीक मोठ्या देहावरून. फळी बुटक्या माणसाच्या हाताला लागली, तर ती उंच माणसालाही लागते. दाराखालून उंच माणूस न वाकता गेला, तर बुटका जातोच. ओटा मात्र या दोन्हींत बसत नाही. माझी पत्नी ५ फूट ३ इंच. तिला ३४ इंच अगदी सोयीचे आहे. ओटा खाली घेतला असता तर आईची खांदेदुखी पत्नीच्या कमरेत गेली असती. सरासरी काढून ३२ केला असता, तर पोळ्या लाटायला तोही आईला उंचच पडला असता आणि पत्नीला वाकावे लागले असते.

चुलीपुढे पाटावर बसून स्वयंपाक होत असे, तेव्हा हा प्रश्न एवढा टोकाचा नव्हता. बसल्यावर माणसांच्या उंचीतला फरक कमी होतो, आणि पाट, परात, पोळपाट हवे तसे सरकवता येते. उभ्या ओट्याने गुडघ्यांची सुटका केली, हे खरेच. पण एक आकडा दगडात पक्का करून टाकला.

शेवटी ओट्याला हात लावला नाही. खिडकीखाली २८ इंच उंचीचे एक मजबूत टेबल सुताराकडून करून घेतले. त्यावर पोळपाट ठेवले की लाटण्याची जागा ३० इंचांवर येते, आईच्या कोपराच्या सहा इंच खाली. शेजारी शेगडीसाठी जागा नव्हती. म्हणून आई लाटते आणि भाजायला मी उभा राहतो. माझ्या पोळ्या अजून करपतात.

पहिल्या दिवशी आईने टेबलाशी उभे राहून कणीक मळली. म्हणाली, “अरे, बरं झालं. पण इतकी वर्षं पाट होताच की.” मी विचारले, “मग आधी का नाही बोललीस?” ती म्हणाली, “ओटा उंच आहे हे मला कुठे ठाऊक होतं? मला वाटायचं, मीच बुटकी आहे.”

नव्या घराचा ओटा घालणार असाल, तर मिस्त्रींना आकडा सांगण्याआधी घरात रांधणाऱ्या माणसाच्या कोपराला एकदा टेप लावा. दोन मिनिटांचे काम आहे. मला ते कळायला ५४ वर्षे लागली.