टोपणनाव आणि हजेरीबुक

१ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि अखेरीस आडनाव, असा क्रम सरकारी दप्तरात लावण्याचा निर्णय झाल्यापासून ज्याला त्याला आपल्या नावाची नव्याने जुळणी करून पाहण्याचा छंद जडला आहे. जेऊर स्थानकावर पुण्याकडच्या गाडीची वाट पाहताना एका होतकरू कवीने मला विचारले, "सर, पहिला संग्रह काढतोय, टोपणनाव घेऊ का?"

आमच्या कवींनी ही हौस पुरेपूर भागवून घेतली. कृष्णाजी केशव दामले पित्याच्या नावावरून केशवसुत झाले. विष्णु वामन शिरवाडकर कुसुम या एकुलत्या बहिणीचे थोरले बंधू म्हणून कुसुमाग्रज. आडनाव टाकले, पण घर काही सुटले नाही!

बाळूताई खरे यांची गोष्ट मात्र हौसेची नव्हती. शिकलेल्या अविवाहित स्त्रीच्या मनातील कोंडमारा १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास'मधून बोलू लागला, तेव्हा जे वादळ उठले ते पाहता, 'विभावरी शिरूरकर' हा पडदा त्या शिक्षिकेला किती आवश्यक होता, हे निराळे सांगावयास नको. विवाहोत्तर मालतीबाई बेडेकर झालेल्या याच बाई पुढे गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना डांबणाऱ्या सोलापूरच्या सेटलमेंटवर अधिकारी होत्या आणि तारेच्या कुंपणाआडचे ते जिणे त्यांनी १९५० मध्ये 'बळी' या कादंबरीत मांडले, तेही विभावरी याच नावाने.

मला येथेच थबकावेसे वाटते. ज्या गुन्हेगार जमाती कायद्याने समाजचे समाज जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि जो १९५२ साली रद्द होईपर्यंत या माणसांच्या मानगुटीवर बसला, त्याच्या अमलात नाव हे हजेरीबुकात लिहिण्याची, पुकारा होताच 'हजर' म्हणण्याची आणि परवानगीवाचून गाव सोडल्यास जाबजबाबाला धरण्याची वस्तू होती. नाव झाकण्यासाठी आधी ते आपल्या मालकीचे असावे लागते. यांचे तर सरकारजमा झालेले!

म्हणूनच याच जेऊरच्या, राज्याने विमुक्त, म्हणजे त्या कायद्याच्या जाचातून सुटलेल्या, जातींत गणलेल्या वडार समाजातील नागराज मंजुळे यांनी 'उन्हाच्या कटाविरुद्ध' हा कवितासंग्रह आपल्या नावाआडनावानिशी प्रसिद्ध केला, ही मला कोणत्याही काव्यमय टोपणनावाहून मोठी वाङ्मयीन घटना वाटते. पडद्याची निकड अजूनही कोणाला असेल, विशेषतः घरच्यांच्या धाकात लिहिणाऱ्या मुलींना, आणि त्यांना बोल लावण्याचा अधिकार मला नाही. पण निव्वळ शोभेसाठी कोणी 'अग्रज' वा 'सुत' होऊ पाहील, तर त्याची शिफारस माझ्याकडून होणार नाही.

गाडी आली तेव्हा त्या कवीला मी एवढेच विचारले, "आपल्या नावाने हाक मारली, की कसे वाटते?" तो क्षणभर घुटमळला, मग पिशवीतून हस्तलिखित काढून पहिल्या पानावर त्याने आपले नाव लिहिले, आणि त्यापुढे, सरकारी क्रमाला अनुसरून, आईचे.