परसातला गुलखैरा



पाऊस ओसरला की परसातल्या मोकळ्या जागेत काय लावावे, हा प्रश्न घरोघरी पडतो. भाजीच्या वाफ्यांबरोबर एक ओळ गुलखैऱ्याची लावावी, असे आम्ही सुचवतो. इंग्रजीत यालाच हॉलीहॉक म्हणतात. हे कापूस, भेंडी, अंबाडी आणि जास्वंद यांच्याच कुळातले झाड. भेंडीची फुलेही याच घाटाची असतात, पाहिलीत की नाते लगेच ओळखू येते.

पेरणी दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत करावी. फुले साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात येतात. बी वर्षायू जातीचे मागून घ्यावे. द्विवर्षायू जातीला पहिल्या वर्षी नुसती पाने येतात आणि दुसरे वर्ष येण्याआधीच आपला उन्हाळा तिला मारतो.

देवास आणि धारच्या पठारावरची काळी माती पाणी धरून ठेवते, आणि गुलखैऱ्याचे सोटमूळ साचलेल्या पाण्यात कुजते. म्हणून वीतभर उंच गादीवाफा करावा व त्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. बी रात्रभर भिजवून जागच्या जागी, अर्धे बोट खोल, दोन-दोन टोचावे. दहा ते पंधरा दिवसांत ते उगवते. मग जोमदार रोप ठेवून दुसरे काढावे व दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर राखावे. मोठे झालेले रोप उपटून दुसरीकडे लावू नये, कारण सोटमूळ तुटले की ते मान टाकते. झाड पुरुषभर उंच वाढते. तेव्हा कुंपणाच्या आडोशाला लावून काठीचा आधार द्यावा.

याचा मोठा शत्रू तांबेरा. खालच्या पानांच्या पाठीवर नारिंगी-तपकिरी पुळ्या दिसल्या की ती पाने तोडून जाळावीत. पाणी पानांवर न शिंपडता बुडाशी द्यावे.

आता एक महत्त्वाची गोष्ट. मनावर, कुक्षी, धरमपुरीकडच्या निमाडी बंधूंनी ती विशेष ध्यानात घ्यावी, कारण त्यांच्या शेतात कापूस आहे. एका कुळाची झाडे रोग-किडीही वाटून घेतात. 2005 नंतर पिठ्या ढेकणाने देशात कपाशीचे मोठे नुकसान केले. तो जास्वंदीसारख्या परसातल्या झाडांवरही राहतो व तिथून शेतात उतरतो. भेंडीचा शिरा केवडा पांढरी माशी पसरवते, आणि त्या रोगाला गुलखैऱ्यातही आसरा मिळतो. म्हणून ही ओळ भेंडी-कपाशीपासून दूर लावावी. पानांच्या शिरा पिवळ्या पडलेले झाड मोह न धरता उपटून जाळावे. पांढरा कापसासारखा थर दिसल्यास साबणाच्या पाण्याने धुवावे, किंवा लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल व थोडा साबण मिसळून फवारावे. कपाशीचे विषारी औषध परसात आणू नये. तिथे मुले खेळतात, कोंबड्या चरतात.

याची वाळवलेली फुले युनानी वैद्यकात खोकल्यावर वापरतात. भेंडीसारखाच बुळबुळीतपणा त्यांत असतो, त्याने घशाला थोडा आराम वाटतो. पण आराम म्हणजे इलाज नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारे वजन ही क्षयरोगाची चिन्हे असू शकतात. अशा वेळी काढ्यावर महिना काढू नये. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी व औषधे मोफत मिळतात, आणि वेळेवर सुरू केलेला उपचार पूर्ण केला की रोग बरा होतो. घरात एकाने उशीर केला तर तो रोग लेकरांपर्यंत जातो. इतर औषधे चालू असतील तर ती अशा काढ्याबरोबर घेऊ नयेत, ती अंगी लागायला उशीर होऊ शकतो.

शेवटी बियांविषयी. बोंडे तपकिरी होऊन वाळली की आत चपट्या बियांचे चाक दिसते. निरोगी झाडाचेच बी घ्यावे, सावलीत सुकवावे आणि कापडी पुरचुंडीत कोरड्या जागी ठेवावे. पुढच्या दसऱ्याला विकत आणावे लागणार नाही, आणि शेजाऱ्यालाही मूठभर देता येईल.