सुईण गेली, तिचं अर्धं काम कुठे गेलं?

कोड लिहिणारा माणूस बाळंतपणावर का बोलतोय? कारण चाकणच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये माझ्या वयाची कितीतरी जोडपी पहिल्यांदा आई-बाप होतायत. आई, सासू, गावची सुईण, सगळ्या तिकडे लातूर-परभणीला. इकडे हातात फक्त फोन.

सुईणीची कामं दोन. पहिलं, सुटका करणं. पण मूल अडलं, रक्त फार गेलं की तिचे हात टेकायचे. तिथे दवाखानाच हवा, यात वाद नाही. दुसरं, कळा सुरू झाल्यापासून जवळ बसणं, कंबर चोळणं, धीर देणं, नंतर मालिश-शेक, बाळाला छातीशी धरायला शिकवणं. बाळंतपण दवाखान्यात गेलं तेव्हा पहिलं काम डॉक्टर-नर्सनी घेतलं. दुसरं कोणाच्याच यादीत आलं नाही. मायग्रेशन झालं, एक मॉड्यूल मागेच राहिलं! (सोसायटीच्या ग्रुपवर 'मालिशवाल्या मावशींचा नंबर द्या' हे त्याचंच उरलेलं शेपूट.)

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च'ने सुईणीला हाकललं नाही. १९९३ पासून ३९ गावांत प्रयोग झाला. बाळंतपण सुईण करायची आणि शेजारी गावातलीच, शिकवून तयार केलेली आरोग्यदूत बाळाचा श्वास, वजन, ऊब बघायची. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज आशाताई बाळाला बघायला घरी येतात, त्याचं मूळ इथे आहे. दवाखान्यात जन्म झाला असेल तर ४२ दिवसांत ६ भेटी.

कॅनडातल्या इन्युइट बायकांना बाळंतपणासाठी विमानाने दूरच्या शहरात, घरच्यांशिवाय पाठवायचे. पुविर्नितुक गावाने १९८६ मध्ये बाळंतपण परत गावात आणलं, आपल्याच सुईणी शिकवून.

आणि नुसतं जवळ बसणं? २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात १५,००० हून जास्त बायकांची माहिती आहे. सतत सोबत मिळालेल्यांमध्ये सिझेरियन कमी, कळांचा वेळही थोडा कमी.

आता कामाचं. सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला केंद्राने २०१६ मध्येच परवानगी दिलीय. शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली नात्यातली बाई. कपडे स्वच्छ, संसर्गाचा आजार नको, पूर्ण वेळ थांबायचं, नर्सच्या कामात हात घालायचा नाही. आडोसा नीट असेल तिथे नवराही चालतो. तेव्हा सातव्या महिन्यातच विचारून ठेवा, "ताई, आत सोबत कोण येऊ शकतं?" खासगीतही विचारा. आणि गावाकडून कोणी येणार असेल तर तिकीट तारखेच्या दोन आठवडे आधीचं काढा. बाळ कॅलेंडर बघून येत नाही.