बोलीआधीची नजर

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लेक्सिंग्टन शहराच्या कडेला कीनलँडचे तबेले आहेत. दर सप्टेंबरला तिथे चार हजारांच्या आसपास शिंगरे लिलावासाठी दाखल होतात. वय दीड वर्षाच्या आतबाहेर. शर्यत तर सोडाच, पाठीवर माणूस घेऊन धावणे म्हणजे काय हेही त्यांना ठाऊक नसते. पुठ्ठ्यावर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवलेली असते. मोतद्दार एकेकाला बाहेर आणतो, बाजूने उभे करतो, सरळ चालवत नेतो आणि वळवून परत आणतो. पाहणारा पुढून पाहतो, मागून पाहतो, कॅटलॉगात एक खूण करतो आणि पुढच्या तबेल्याकडे वळतो. त्या दोन-तीन मिनिटांच्या खुणेवर पुढे लाखो डॉलर्सची बोली लागते.

ही पारख सोपी नाही, याचे पहिले कारण वय. उत्तर गोलार्धात जातिवंत थरोब्रेड घोड्याचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात, ऑस्ट्रेलियात १ ऑगस्टला. म्हणजे फेब्रुवारीत जन्मलेले आणि मेअखेर जन्मलेले शिंगरू लिलावाच्या दिवशी कागदोपत्री एकाच वयाचे. घोड्याच्या बालपणात तीन-चार महिन्यांचा फरक केवढा असतो हे गोठ्यात वासरू वाढवलेल्या माणसाला सांगायला नको. कॅनडात २७ मे १९६१ रोजी जन्मलेल्या नॉर्दर्न डान्सरच्या बाबतीत हेच झाले. मालक ई. पी. टेलर यांनी तो वर्षभराचा असताना २५ हजार डॉलर्सना विकायला काढला. ठेंगणा म्हणून कुणी घेतला नाही. त्याच घोड्याने १९६४ मध्ये केंटकी डर्बी दोन मिनिटांच्या विक्रमी वेळात जिंकली आणि पुढे विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रभावी पैदाशीच्या घोड्यांत त्याची गणना झाली.

मग पाहायचे काय? जाणकार आधी पायांकडे पाहतात. भरधाव धावताना एका क्षणी सगळा भार एकाच पायावर येतो आणि तो शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट असू शकतो. साडेचारशे-पाचशे किलोचा हा प्राणी आपल्या मनगटाएवढ्या जाडीच्या हाडावर तो झेलतो. म्हणून पुढच्या पायाची रेघ खांद्यापासून खुरापर्यंत सरळ उतरते का, हा पहिला प्रश्न. खूर आत वळलेला की बाहेर? गुडघा नळीच्या मधोमध बसला आहे की बाजूला सरकला आहे? बाजूने पाहताना गुडघा पुढे झुकलेला असेल तर बहुतेक ट्रेनर तो चालवून घेतात. मागे वाकलेला असेल तर कपाळाला आठी पडते, कारण धावताना गुडघ्याच्या पुढच्या बाजूची छोटी हाडे एकमेकांवर दाबली जाऊन त्यांचे टवके उडण्याची भीती असते. घोटा आणि खूर यांच्यामधला भाग फार लांब व लवलेला असला तर स्नायुबंधांवर ताण येतो. फार आखूड व उभा असला तर प्रत्येक टापेचा हादरा थेट वर चढतो.

पण उभा घोडा अर्धेच सांगतो. खरी गोष्ट चालीत कळते. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाला ओलांडून पडतो का, खांदा मोकळा सुटतो का, पाय सरळ रेषेत जातात की बाहेर फेकले जातात? डोके शांत ठेवून, लांब ढांगा टाकत, अंगाला झोके न देता चालणारे शिंगरू दिसले की पाहणारे थांबतात. चाल म्हणजे वेग नव्हे, हे खरे. तरीही सांधे एकमेकांशी कसे जुळले आहेत, याची तबेल्याच्या अंगणात मिळणारी याहून चांगली खूण नाही.

आयर्लंडचे ट्रेनर व्हिन्सेंट ओब्रायन यांची नजर अशीच होती. १९६८ मध्ये ते घोडेमालक चार्ल्स एंगलहार्ड यांच्या वतीने कॅनडात टेलर यांच्या फार्मवर गेले ते रिबो या इटालियन घोड्याचे शिंगरू पाहायला. त्याचा पुढचा पाय वाकडा निघाला. ओब्रायन यांनी ते नाकारले, पण तिथेच उभ्या असलेल्या दुसऱ्या एका शिंगरावर त्यांचे डोळे खिळले. ते होते नॉर्दर्न डान्सरचे. ८४ हजार डॉलर्सना घेतलेल्या त्या निजिन्स्कीने १९७० मध्ये इंग्लंडचा तिहेरी मुकुट, म्हणजे तिथल्या तीन मानाच्या शर्यती, जिंकला. त्यानंतर आजपर्यंत तो कुणाला जिंकता आलेला नाही.

या एका खरेदीने बाजाराची दिशा बदलली. नॉर्दर्न डान्सरच्या रक्तासाठी घोडेमालक रॉबर्ट सँगस्टर यांची मंडळी आणि दुबईचे शेख महंमद यांच्यात चढाओढ लागली, आणि पायाआधी पान वाचले जाऊ लागले. पान म्हणजे कॅटलॉगमधली वंशावळ. तिच्यात मोठ्या शर्यती जिंकलेल्या नातेवाइकांची नावे ठळक काळ्या अक्षरांत छापलेली असतात. या बाजारात भावंडे धरतात ती फक्त आईकडून. एका बापाची वर्षाला शंभराहून अधिक शिंगरे जन्मू शकतात, घोडीला मात्र वर्षाला एकच; त्यामुळे आईच्या बाजूची काळी अक्षरे जास्त मोलाची. १९८३ मध्ये कीनलँडला नॉर्दर्न डान्सरचा मुलगा स्नाफी डान्सर १ कोटी २ लाख डॉलर्सना गेला. एक कोटीचा आकडा ओलांडणारे ते पहिले शिंगरू. तो एकही शर्यत धावला नाही, आणि पैदाशीलाही जवळजवळ निरुपयोगी ठरला.

दोनच वर्षांनी निजिन्स्कीचा मुलगा सिॲटल डान्सर १ कोटी ३१ लाखांना विकला गेला. त्याने आयर्लंडमध्ये दोन चांगल्या शर्यती जिंकल्या, पण किमतीच्या जवळपासही तो पोचला नाही. त्याच्या पानावरचे सर्वांत मोठे नाव होते सिॲटल स्लू, त्याच आईचा आधीचा मुलगा. हा थोरला १९७५ मध्ये अवघ्या १७,५०० डॉलर्सना विकला गेला होता. त्याचा उजवा पुढचा पाय बाहेर वळलेला होता, अंग बेढब होते. १९७७ मध्ये त्याने एकही शर्यत न हरता अमेरिकेचा तिहेरी मुकुट जिंकला. धाकट्याच्या एक कोटीत थोरल्याच्या कर्तबगारीचेच पैसे मोजले गेले होते. वंशावळ शक्यता सांगते, हमी देत नाही. बोलीच्या भरात नेमका हाच फरक पुसला जातो.

दोष पाहून नाकारलेल्यांची कहाणी याहून बोलकी आहे. जॉन हेन्रीचे गुडघे मागे वाकलेले, म्हणजे सगळ्यांना धास्ती वाटते तोच दोष. १९७६ मध्ये तो ११०० डॉलर्सना गेला. निवृत्त होईपर्यंत त्याने ६५ लाखांहून अधिक डॉलर्स मिळवले आणि १९८१ व १९८४ असा दोनदा तो वर्षातला सर्वोत्तम घोडा ठरला, दुसऱ्यांदा तर वयाच्या नवव्या वर्षी. सन्डे सायलेन्सचे मागचे पाय आत झुकलेले होते. १९८७ मध्ये कीनलँडला बोली १७ हजारांवर अडकली आणि आर्थर हँकॉक यांनी त्याला परत ठेवून घेतले. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियातही गिऱ्हाईक मिळाले नाही. १९८९ मध्ये त्याने केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि ब्रीडर्स कप क्लासिक जिंकली. तरीही अमेरिकेतल्या पैदासकारांनी फारसा रस दाखवला नाही, आणि झेन्या योशिदा यांनी त्याला जपानला नेले. १९९५ ते २००७ अशी सलग तेरा वर्षे तो तिथला अग्रगण्य पिता होता. आजच्या जपानी घोड्यांचा जगभर जो दबदबा आहे, त्याचा मोठा वाटा या नाकारलेल्या शिंगराला जातो.

यावरून पारख हा निव्वळ नशिबाचा खेळ आहे असे म्हणणे चूक ठरेल. जॉन हेन्रीसारखे गुडघे असलेले अनेक घोडे खरोखरच लंगडतात. निर्दोष शिंगरू हजारांत एखादे आणि त्याची किंमत राजेरजवाड्यांची. बाकी साऱ्यांना कोणता दोष सोडून द्यायचा हेच ठरवावे लागते, आणि चांगला पारखी इतरांपेक्षा वेगळा ठरतो तो इथे. २००५ मध्ये झेन्याटा ही घोडी ६० हजारांना मिळाली. लिलावाच्या वेळी तिला त्वचेचा विकार झाला होता. त्वचा बरी होते, हाडांची ठेवण बदलत नाही, इतका साधा विचार तिच्या खरेदीदारांनी केला. वीसपैकी एकोणीस शर्यती तिने जिंकल्या.

आता डोळ्यांच्या मदतीला यंत्रे आली आहेत. विक्रेते सांध्यांचे तीसहून अधिक एक्स-रे लिलावाच्या ठिकाणी ठेवतात आणि खरेदीदाराचा पशुवैद्य ते तपासतो. दुर्बीण घालून घसा पाहतात. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, आणि भरधाव धावताना प्रत्येक ढांगेला एकच. स्वरयंत्राची डावी बाजू लुळी असेल तर श्वासनलिकेचे तोंड पुरते उघडत नाही आणि सारी ताकद वाया जाते. हृदयाचे अल्ट्रासाउंड होते. २०१० मध्ये डब्लिनच्या विद्यापीठात एमेलीन हिल यांच्या गटाने मायोस्टॅटिन जनुक आणि घोड्याला मानवणारे शर्यतीचे अंतर यांचा संबंध दाखवला. छोट्या पल्ल्याचा की लांबच्या, याचा अंदाज रक्ताच्या नमुन्यावरून बांधता येऊ लागला. घोडा जिद्दीचा आहे की नाही, हे मात्र या तपासणीत कळत नाही.

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. वाढत्या वयात शस्त्रक्रियेने वाकडा पाय सरळ करता येतो. शिंगराच्या भल्यासाठी ती कित्येकदा योग्यच असते. पण सरळ होतो तो पाय, रक्त नव्हे. अशी शस्त्रक्रिया झाल्याचे खरेदीदाराला कळले पाहिजे, नाहीतर तोच दोष पुढच्या पिढीत पुन्हा उमटतो आणि त्याची किंमत घोडा मोजतो.

दुसरी खटकणारी गोष्ट घड्याळाची. दोन वर्षांच्या घोड्यांच्या लिलावांत विक्रीपूर्वी त्यांना पळवून दाखवतात आणि एका फर्लांगाची, म्हणजे सुमारे दोनशे मीटरची, वेळ नोंदतात. फेब्रुवारी २००६ मध्ये फ्लोरिडात द ग्रीन मंकी ९.८ सेकंदांत पळाला आणि १ कोटी ६० लाख डॉलर्सना गेला. पुढे तीन शर्यतींत मिळून त्याने १०,४४० डॉलर्स मिळवले. विजय एकही नाही. त्या वयात गुडघ्यावरच्या वाढीच्या रेषा अनेकदा पुरत्या बुजलेल्याही नसतात. सेकंदाच्या दशांशासाठी अशा पायांना जास्तीत जास्त पिळणे घोड्यावर अन्याय आहे, आणि खरेदीदाराच्याही हाती त्यातून फारसे काही लागत नाही. धावताना ढांग कशी पडते आणि थांबल्यावर श्वास किती लवकर ताळ्यावर येतो, हे पाहणारा घड्याळवाल्यापेक्षा शहाणा.

भारतात या धंद्याचा जुना वारसा मुंबई-पुण्याकडे आहे. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर १९४३ पासून इंडियन डर्बी धावते, आणि पहिल्या वर्षी ती प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने जिंकली. पुण्यात १९४६ मध्ये पूनावाला स्टड फार्म उभा राहिला. तिथले निवृत्त घोडे सीरमसाठी हाफकिन संस्थेकडे जात, आणि त्या संबंधातूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूटचा जन्म झाला. आपल्याकडे बरेच व्यवहार लिलावाबाहेर, थेट फार्मवर होतात. त्यात एक मोठी सोय आहे: खरेदीदार आई पाहू शकतो, थोरली भावंडे पाहू शकतो आणि तेच शिंगरू काही महिन्यांनी पुन्हा जाऊन पाहू शकतो. कीनलँडच्या गर्दीत ही चैन नाही.

घोडा पाहण्याची आपली परंपरा अर्थात शर्यतींहून जुनी. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत आजही गिऱ्हाईक दात पाहते, पंचकल्याण, म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरे आहे का, हे विचारते आणि अंगावरचे भोवरे शुभ की अशुभ ते तपासते. थरोब्रेडच्या पासपोर्टवरही भोवऱ्यांची नोंद असते, पण तिथे तिचा उपयोग ओळख पटवण्यापुरता. किंमत ठरवताना दोन्हीकडे शेवटी गिऱ्हाईक म्हणते, चालवून दाखवा.

पुण्यात पावसाळी हंगामात प्रत्येक शर्यतीआधी घोडे पॅडॉकमध्ये फिरवतात. पैसे लावायचे नसले तरी तिथे जरूर जाऊन उभे राहावे. आधी पुढचे गुडघे पाहावेत, मग खूर, मग मागचा पाय ठशाच्या किती पुढे पडतो ते. रेसबुक त्यानंतर उघडावे.