कासवाची सुखरूप पाठवणी

महाराष्ट्रातील अनेक शिवालयांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. भाविक त्याला नमस्कार करूनच पुढे जातो. जैन परंपरेत विसावे तीर्थंकर श्री मुनिसुव्रतस्वामी यांचे लांछन कासव हेच आहे, आणि पैठणच्या अतिशय क्षेत्री त्यांच्या दर्शनाला जाणाऱ्यांना ते परिचयाचे असते. पेढीवरील गादीशेजारी पितळी कासव ठेवण्याची पद्धतही व्यापारी घरांत रूढ झाली आहे. दगडाचे, धातूचे किंवा मूर्तीच्या पायथ्याशी कोरलेले कासव कोणाला दुखवीत नाही आणि कोणाकडून दुखावलेही जात नाही. प्रश्न उभा राहतो तो काचेच्या पेटीत वा प्लॅस्टिकच्या टबात ठेवलेल्या जिवंत कासवाचा.

वाईसारख्या नदीकाठच्या बाजारपेठेच्या गावी असे कासव घरात येण्याच्या वाटा तीन. कोणी ‘दुकानात बरकत येते’ म्हणून घेऊन देतो. कोणी मुलाच्या वाढदिवसाला भेट म्हणून आणतो. तिसरी वाट सर्वांत सद्भावनेची आणि म्हणूनच सर्वांत विचार करण्याजोगी आहे. पर्युषणात किंवा एखाद्या तपाच्या पारण्यानिमित्त विक्रेत्याकडून कासवे सोडवून घ्यायची आणि कृष्णेच्या घाटावर पाण्यात सोडायची, ही ती वाट. हेतू अभयदानाचा असतो. परंतु हिशेब शेवटपर्यंत मांडला, तर जमेच्या बाजूला फारसे काही उरत नाही.

भांडवल आणि व्याज

व्यापारी माणसाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. मागणी असली की माल येतो. सोडवण्यासाठी घेतलेले कासव हेही विक्रेत्याच्या वहीत विकले गेलेले कासवच असते; त्याची रिकामी झालेली जागा भरण्यासाठी दुसरे पकडले जाते. त्यातून कासवाची वाढ अतिशय संथ. ते प्रजननक्षम होण्यास अनेक वर्षे लागतात, अंडी थोडी, आणि त्यांतील बहुतांश पिले मोठी होण्याआधीच नाहीशी होतात. ही उणीव निसर्गाने दीर्घायुष्याने भरून काढली आहे. एकच मादी दशकानुदशके अंडी घालीत राहते. म्हणजे प्रौढ कासव हे भांडवल आणि जगलेली पिले हे व्याज. व्याजावर निर्वाह चालतो. भांडवलालाच हात घातला की पेढी बुडते.

हा व्यापार किती मोठा आहे, याची कल्पना एका मोहिमेवरून येते. केंद्र सरकारच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने 15 डिसेंबर 2016 ते 30 जानेवारी 2017 या अवघ्या दीड महिन्यात ‘ऑपरेशन सेव्ह कूर्म’ ही मोहीम राबविली. तीत 45 संशयितांकडून 15,739 जिवंत कासवे हस्तगत झाली. यांची बांधणी कशी केलेली असते, हे वाचताना मन विषण्ण होते. हालचाल होऊ नये म्हणून पाय चिकटपट्टीने कवचाशी जखडतात, कापडात वा मोज्यांत कोंबतात आणि कपड्यांच्या बॅगेत थरांवर थर रचतात. पाणी नाही, हवा जेमतेम. कासव ओरडत नाही, म्हणून तस्कराला ते सोयीचे ठरते.

कृष्णेत सोडणे म्हणजे मुक्ती नव्हे

पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असणारे, ‘स्टार कासव’ या नावाने ओळखले जाणारे कासव जमिनीवरचे आहे. त्याला पोहता येत नाही. घाटाच्या पायरीवरून त्याला पाण्यात सोडणे म्हणजे बुडवणेच होय. त्याचे मूळ घर गुजरात-राजस्थानकडील कोरडा प्रदेश, तसेच आंध्र, तमिळनाडू, कर्नाटकाचा काही भाग आणि श्रीलंका; कृष्णाकाठचा वाई परिसर ते नव्हे.

डोळ्यामागे लाल पट्टा असलेले हिरवे छोटे कासव मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी खोऱ्याचे. ते पोहते आणि तगतेही, परंतु स्थानिक कासवांचे अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा बळकावते. जगातील अनेक देशांना या उपद्रवाने सतावले आहे. आपल्या नद्यांमध्ये मऊ पाठीची देशी कासवे आहेत. त्यांतील लीथचे मृदुकवची कासव तर केवळ दक्षिण भारतीय द्वीपकल्पातच आढळते आणि आधीच संकटात आहे. एका जीवाला वाचवल्याचे समाधान मिळवताना दुसऱ्या अनेक जीवांच्या उपजीविकेवर गदा येत असेल, तर त्या कृतीला जीवदया म्हणता येईल का? शिवाय बाजारातील दाटीत राहिलेले कासव रोग घेऊन आलेले असू शकते. ते नदीत गेले की रोगही नदीत जातो.

कायदा काय सांगतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 मध्ये 2022 साली मोठी दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून अमलात आली. स्टार कासव आता पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच त्याला. या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्यास किमान 3 वर्षे व कमाल 7 वर्षे कारावास आणि किमान 25,000 रुपये दंड अशी तरतूद आहे. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइटीस’ करारानेही 2019 मध्ये स्टार कासवाला आपल्या पहिल्या परिशिष्टात घेऊन त्याचा व्यापार जवळजवळ बंद केला.

त्यामुळे घरात असे कासव असेल, तर ते कुरिअरने कोठे पाठवणे, नातेवाइकाच्या गाडीतून दुसऱ्या गावी धाडणे किंवा कोणाला भेट देणे हे सर्व टाळले पाहिजे. विनापरवाना वाहतूक हाही गुन्हाच आहे. रस्त्यात वा शेतात सापडलेले कासव ताब्यात आले, तर 48 तासांच्या आत पोलीस ठाण्यास अथवा वनाधिकाऱ्यास कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. वाईत वनपरिक्षेत्र कार्यालय आहे, आणि राज्य वनविभागाची 1926 ही निःशुल्क मदतवाहिनीही आहे. वर्षानुवर्षे घरात असलेले कासव स्वाधीन केल्याने आपोआप माफी मिळते असे नव्हे. म्हणून आधी जाणकार वकिलाचा किंवा जिल्ह्याच्या मानद वन्यजीव रक्षकाचा सल्ला घ्यावा. पण भीतीपोटी रात्री नदीत सोडून येणे हा मार्ग नव्हे. त्याने दोष दुप्पट होतो.

सुखरूप बांधणी

वनविभागाशी बोलणे झाले आणि कासव त्यांच्या हाती सोपवण्याचे ठरले, की पुढची बाब बांधणीची. काचसामान असो की हळदीची पोती, माल सुखरूप कसा पोचवावा हे या घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. येथे फरक एवढाच की आतील वस्तू श्वास घेते.

कासव शीत रक्ताचा प्राणी आहे. त्याच्या देहाचे तापमान भोवतालच्या हवेवर अवलंबून असते. म्हणून प्रवासातील पहिला शत्रू उष्णता. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ते काही वेळातच दगावू शकते. उन्हाळ्यात प्रवास पहाटेचा असावा. थंडीत खोक्याला आतून थर्माकोलचे अस्तर द्यावे आणि हवेची छिद्रे त्या अस्तरातूनही आरपार काढावीत.

जमिनीवरच्या निरोगी कासवाला निघण्याच्या आदल्या दिवशी खाऊ घालू नये, म्हणजे खोके घाण होत नाही आणि त्याच्या पोटावर ताण येत नाही. मात्र निघण्यापूर्वी हनुवटी बुडणार नाही इतक्या उथळ, कोमट पाण्यात त्याला काही वेळ ठेवावे. तेवढ्याने त्याची तहान भागते. नंतर ते पुसून कोरडे करावे.

खोके मजबूत पुठ्ठ्याचे असावे आणि एका खोक्यात एकच कासव ठेवावे. हवेची छिद्रे चारही बाजूंना काढावीत. ती कासव ठेवण्याआधीच आणि आतून बाहेर टोचून पाडावीत, म्हणजे टोकदार कडा आत राहत नाहीत. तळाशी घसरणार नाही असे कापड किंवा कागद अंथरावा. मोकळ्या जागेत चुरगळलेले वर्तमानपत्र सैलसर भरावे. वळणावर कासव भिंतीवर आदळू नये आणि उलथून पाठीवर पडू नये, एवढाच त्याचा हेतू. पाय मात्र कधीही बांधू नयेत. बाहेर ‘जिवंत प्राणी’ आणि ‘ही बाजू वर’ असे ठळक लिहावे.

पाण्यातील कासवाबाबत मोठा गैरसमज असतो. त्याला पाण्याने भरलेल्या डब्यात नेऊ नये. तेही फुप्फुसांनीच श्वास घेते. हिंदकळणाऱ्या पाण्यात ते थकते, आपटते आणि गुदमरू शकते. त्याला स्वच्छ ओलसर कापडावर ठेवून वर तसेच कापड हलकेच पांघरावे. मऊ पाठीच्या कासवाची त्वचा खरचटते, म्हणून कापड गुळगुळीत हवे. ते चावतेही, म्हणून हात तोंडापासून दूर ठेवावा. सर्व आटोपल्यावर साबणाने हात धुवावेत. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. याच कारणाने अमेरिकेने 1975 पासून चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीस बंदी घातली. कासव पाळणे तेथे सर्रास चालते, तरी तेथील सरकारी टपालखाते जिवंत कासव स्वीकारत नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

खोके वनकर्मचाऱ्यांच्या स्वाधीन केल्यावर पुढची वाटचाल त्यांची. गरज भासल्यास सुरूर फाट्यावरून खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याच्या उपचार केंद्राकडे तेच नेतात, कारण वाहतुकीचा अधिकार त्यांच्याकडे असतो. कासव किती वर्षे घरात होते, काय खात होते, कधी आजारी होते का, हे एका कागदावर प्रामाणिकपणे लिहून द्यावे. मालाबरोबर बिल जाते, तसा हा कागद.

परतीचा प्रवास

अशी पाठवणी यशस्वी होते, याचे उदाहरण आहे. भारतातून चोरून नेलेली 51 स्टार कासवे नोव्हेंबर 2018 मध्ये सिंगापूरहून विमानाने बेंगळुरूला परत आणण्यात आली. तेथील व येथील प्राणिमित्र संस्था आणि कर्नाटक वनविभाग यांनी परवाने, तपासण्या आणि प्रवासाची सोय जुळवून हे काम पार पाडले. विमान कंपन्यांसाठी जिवंत प्राण्यांच्या वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. खोक्यातील हवा, जागा आणि सूचनापट्टी यांचा त्यांत बारकाईने विचार केलेला असतो. तीच जात, तसाच दूरचा प्रवास. परंतु जाताना बॅगेत कोंबलेली कासवे येताना पाहुण्यांच्या मानाने आली. दोन्ही वेळच्या बांधणीतील अंतर म्हणजेच क्रौर्य आणि करुणा यांतील अंतर.

ज्ञाताधर्मकथा या आगमात दोन कासवांची कथा आहे. दबा धरून बसलेल्या कोल्ह्यांपुढे एकाने उतावीळपणे पाय बाहेर काढला आणि ते प्राणास मुकले. दुसरे अंग आवरून स्थिर राहिले आणि वाचले. तो उपदेश इंद्रियसंयमाचा. आज मात्र कितीही अंग आवरले, तरी कासव माणसापुढे वाचत नाही. आता आवरायचा हात माणसाचा आहे. विकत घेण्यासाठी पुढे होणारा हात, मग तो हौसेचा असो वा पुण्याचा, मागे घेतला की बाजारातील पेटी आपोआप रिकामी राहील. अभयदानासाठी राखलेली रक्कम पांजरापोळीला किंवा जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करणाऱ्या संस्थेला द्यावी. आणि घरात आलेल्या जीवाची पाठवणी, लेकीची करावी तशी, काळजीने आणि योग्य हातांत करावी.