गाजर गवत फुलायच्या आधी उपटा, नंतर विळा लावून उपयोग नाही

पाऊस सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की घराच्या भिंतीलगत, दुकानामागे, गोदामाच्या आवारात अन् गोठ्याच्या कडेला गाजर गवत गुडघ्याला लागतं. कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चटक चांदणी. पांढरी फुलं दिसली की मग बहुतेक जण विळा काढतात. पण तोवर उशीर झालेला असतो.

हे तण मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्याकडे १९५५ च्या सुमारास ते पुण्यात नजरेस आलं आणि पुढे देशभर पसरलं. एका झाडाला दहा हजारांच्या वर बी धरतं. बी बारीक आणि हलकं, त्यामुळे ते वाऱ्याने, पाण्याने, गाडीच्या चाकाला लागलेल्या चिखलातूनही पसरतं. वरून कापलं तर बुडख्यातून पुन्हा फुटवे येतात.

ओळखायचं कसं?
रोप लहान असताना पानं जमिनीलगत पसरलेली, गाजराच्या पानांसारखी कातरलेली असतात. नंतर खोड उभं वाढतं, त्यावर बारीक लव असते. शेंड्याला पांढऱ्या बारीक फुलांचे झुबके येतात.

त्रास काय?
अंगाला लागलं की अनेकांना खाज सुटते, मान, चेहरा आणि हातांवर पुरळ येतं. परागकणांमुळे शिंका येतात, दमाही वाढतो. जनावरं सहसा तोंड लावत नाहीत. चाऱ्यातून पोटात गेलं तर दुधाला कडवट चव येते.

काय करायचं?
- पाऊस पडून गेल्यावर, जमीन ओली असताना, फूल यायच्या आत मुळासकट उपटा. उघड्या हाताने उपटू नका. हातमोजे नसतील तर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा, अंगभर कपडे घाला.
- फुलाआधीचं गवत खताच्या खड्ड्यात चालतं. फुलावर आलेलं उकिरड्यावर टाकलं तर बी शेणखताबरोबर थेट शेतात जातं.
- फरशीच्या फटी, कुंपणाची कड अशा ठिकाणी १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम मीठ विरघळवून उघडीप असताना कोवळ्या रोपांवर फवारा. परसबाग, झाडांची आळी आणि विहिरीजवळ मात्र मीठ नको, जमीन खराब होते.
- मोकळ्या जागेत पावसाच्या तोंडावर टाकळ्याचं (तरोट्याचं) बी फेका. टाकळा दाट वाढून गाजर गवताला दाबतो, वर कोवळ्या पाल्याची भाजीही होते.
- पानांवर पांढरट अंगाचे, तपकिरी पट्ट्यांचे भुंगे दिसले तर मारू नका. मेक्सिकोतून आणलेले हे भुंगे गाजर गवतच खातात.

जमिनीतलं जुनं बी पुन्हा उगवत राहतं. म्हणून एका पावसाळ्यात दोन-तीनदा उपटणी करावी लागते, तीही सलग काही वर्षं. आपलं आवार साफ केलं आणि शेजारच्या पडक्या जागेत चार झाडं फुलली, तर सगळी मेहनत वाया जाते. त्यामुळे आळीतल्या सगळ्यांनी मिळून एकच दिवस ठरवलेला बरा.