ट्रॅक्टर वळताना होणारी घरघर : तपासणी व दुरुस्ती

ट्रॅक्टर सरळ चालत असता काहीही ऐकू येत नाही. परंतु शेताच्या टोकाला वळविताच जात्यात खडा सापडावा तशी घरघर सुरू होते, अशी तक्रार ऊसवाहतुकीच्या दिवसांत पुष्कळदा ऐकावयास मिळते. अशा वेळी एक तर चालते तोवर चालू द्यावे म्हणून तिकडे दुर्लक्ष होते, नाही तर घाईने मागील पेटी उघडून दोष नसलेल्या भागावर पैसा खर्च होतो. वास्तविक आवाज कोणत्या चाकाकडून व नेमका केव्हा येतो हे नीट पाहिले, तर काहीही न खोलता दोषाचे स्थान बहुधा कळून येते.

ट्रॅक्टर वळतो तेव्हा बाहेरील चाकास आतील चाकापेक्षा अधिक अंतर तोडावे लागते. मागील दोन चाकांच्या गतीतील हा फरक डिफरन्शियलमधील लहान दंतचक्रे सांभाळतात. सरळ चालीत ती परस्परांवर फिरत नाहीत. वळणावर मात्र फिरू लागतात. त्याच वेळी पुढील चाकांच्या बेअरिंगवर आडवा दाब येतो व बाहेरील चाकावरील भार वाढतो. शिवाय शेतात लहान जागेत वळताना चालक आतील चाकाचा ब्रेक दाबतो. आवाजाचा शोध या तीन ठिकाणी घ्यावयाचा आहे.

ट्रॉली सोडून ट्रॅक्टर मोकळ्या, सपाट व टणक जमिनीवर न्यावा. ब्रेकला पाय न लावता संथ गतीने एकदा डावीकडे व एकदा उजवीकडे गोल फिरवावा. दुसऱ्या इसमाने दूर उभे राहून ऐकावे; चालत्या चाकाजवळ वाकून कान देण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. ब्रेकशिवाय आवाज येत नसेल आणि ब्रेक दाबताच येत असेल, तर ब्रेकचे अस्तर झिजले आहे किंवा आत चिखल शिरला आहे असे समजावे. डावीकडे वळताना आवाज वाढत असेल, तर उजव्या पुढील चाकाचा संशय घ्यावा. उजवीकडे वळताना वाढत असेल, तर डाव्या चाकाचा. ट्रॅक्टर उभा असताना नुसते स्टिअरिंग फिरविल्यासही करकर होत असेल, तर किंग पिनचे बुश अथवा तिच्यावरील भार पेलणारे थ्रस्ट बेअरिंग कोरडे पडलेले असते. पॉवर स्टिअरिंग असल्यास त्याच्या तेलाची पातळीही पाहावी.

या सर्वांत पुढील चाकाचे बेअरिंग हा भाग विशेष लक्ष देण्याजोगा आहे. राधानगरी, भुदरगड यांसारख्या भात व ऊस दोन्ही होणाऱ्या तालुक्यांत एकच ट्रॅक्टर पावसाळ्याच्या आरंभी चिखलणी करतो आणि हिवाळ्यात ऊस ओढतो. चिखलणीत पुढील चाके हबपर्यंत गाळात बुडतात. ऑइल सील झिजलेले असल्यास गढूळ पाणी आत जाते, ग्रीस पांढुरके होऊन पातळ पडते व रोलर गंजतात. शेतातील संथ कामात हे लक्षात येत नाही. पुढे रस्त्यावरील वेगात आणि तासन् तास फिरण्यात गंजलेले रोलर ओरडू लागतात. रोग आषाढात जडतो व लक्षण कार्तिकात दिसते, म्हणून दोघांचा संबंध कोणी जोडत नाही. बेअरिंग पूर्णपणे फुटल्यास चालत्या ट्रॅक्टरचे चाक निखळून पडू शकते. मागे भरलेली ट्रॉली असता याचा अर्थ काय होतो हे सांगावयास नको.

तपासणीसाठी हँडब्रेक ओढून मागील चाकांना उटी लावावी, पुढील आस जॅकने उचलावा व त्याखाली भक्कम ओंडका द्यावा. केवळ जॅकवर विसंबू नये. चाक हाताने फिरविताना खरखर जाणवली, तर बेअरिंग खराब आहे. चाक वर-खाली धरून हलवावे. केवळ चाकच डुलत असेल, तर दोष हबमध्ये आहे. चाकाबरोबर त्याचा दांडाही हलत असेल, तर किंग पिनचे बुश झिजले आहे.

हबची टोपी, पिन, नट व वॉशर काढून हब बाहेर घ्यावा. बेअरिंग रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुऊन वाळवावे. रोलरवर खड्डे, गंज किंवा तापल्याची निळसर झाक दिसल्यास ते बदलावे व त्याबरोबर हबमधील बाहेरील कडेही बदलावे. जुन्या कड्यात नवे रोलर बसविण्याची काटकसर महाग पडते. सील प्रत्येक वेळी नवेच घालावे. जुने ग्रीस पूर्ण पुसून नवे ग्रीस तळहातावर घेऊन रोलरच्या फटींतून दाबून भरावे. नट आवळताना चाक सतत फिरवीत राहावे. ते जड लागू लागताच नट किंचित सैल करून पिनेचे छिद्र जुळवावे आणि नवी पिन घालावी. नट फार आवळल्यास बेअरिंग तापून लवकरच निकामी होते. काही अंतर चालवून, ट्रॅक्टर थांबवून हबला हात लावावा. हात ठेववत नसेल, तर नट पुन्हा पाहावा.

आवाज मागून व केवळ वळतानाच येत असेल, तर प्रथम डिफरन्शियल लॉकचे पेडल पाहावे. चिखलाने ते दाबलेलेच अडकून राहिल्यास दोन्ही मागील चाके एकाच गतीने फिरतात व वळताना दंतचक्रांवर अतोनात ताण येतो. त्यानंतर तेलाची पातळी पाहावी. तेलात धातूचे कण आढळल्यास ट्रॅक्टर चालविणे बंद करून तो कुशल मेकॅनिककडे न्यावा; हे काम घरी करण्याजोगे नाही. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या ट्रॅक्टरची पुढील चाल टणक रस्त्यावर चालू राहिल्यासही वळणावर असाच आवाज येतो. ती बंद करताच आवाज थांबला, तर काही बिघडलेले नाही.

चिखलणीच्या दिवसांत किंग पिनच्या निपलमध्ये दररोज काम संपल्यावर ग्रीसगनने ग्रीस भरावे व कडेने स्वच्छ ग्रीस बाहेर येईपर्यंत भरीत राहावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी भात लावणी आटोपताच आपल्या गावातील ट्रॅक्टरधारकांना पुढील हब उघडून पाहण्यास सांगावे. त्या वेळी ट्रॅक्टरला काम थोडे असते. गळीत हंगाम सुरू झाल्यावर एक दिवसही मोकळा मिळत नाही.